मेणकापडावर उतरवलेली भिंत

मयुरी,

आधी भांडण पुरं करू. रडायचं काय ते मागाहून बघू.

तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. तुझ्या दहाव्याला तुमच्या अंगणात सगळे जमले होते. आपल्या प्रदर्शनाची सगळी पोरंपोरी, शाळेचे गुरुजी, तू जिथे जिथे मेंदी काढायला जायचीस त्या घरच्या बायका. गुरुजी म्हणाले, ज्याला वाटेल त्याने दोन शब्द बोला. सगळे बोलले, चांगलंच बोलले, आणि खोटं कोणीच बोललं नाही. मग त्या पोरांतल्या रोशनने मला कोपर मारलं. "तू जवळची मैत्रीण ना? ऊठ की." मी म्हटलं, माझा घसा बसलाय. घसा ठणठणीत होता गो. तोंड उघडलं असतं तर तुझ्या आईसमोर, हार घातलेल्या तुझ्या फोटोसमोर तुझ्याशी कडाकडा भांडले असते, म्हणून गप्प बसले.

तर आता बोलते. शहापूरच्या हॉलच्या पायरीवर बसून लिहितेय. आत आपलं प्रदर्शन लागलंय, दुसऱ्यांदा, आणि तू नाहीस. माझी आई आत आहे. ती बाहेर येईपर्यंत मला वेळ आहे आणि तुलाही आता कुठे जायचं नाही.

सुरुवात तू केलीस, हे पहिलं कबूल कर. वैशाखऱ्याच्या रस्त्याला तुझी स्कूटी, मी मागे. डाव्या हाताला एक घर पाडायला घेतलं होतं, नवीन स्लॅब टाकायचा म्हणून. छप्पर उतरवलेलं, तीन भिंती आडव्या झालेल्या आणि पुढची एकटी उभी. तिच्यावर दोन मोर, कलश, वर 'शुभविवाह' आणि खाली नवरा-नवरीची नावं. तू ब्रेक मारलास तो भर रस्त्यात, मागचा जीपवाला काय काय बोलून गेला. तू सरळ जेसीबीवाल्याकडे गेलीस. "दादा, दहा मिन्टं थांबा ना, चहा घ्या तोवर." आणि तो थांबला! तुझ्या बोलण्यात काय होतं कोण जाणे, माणसं थांबायची. तुझ्याकडे कागद नव्हता. पावसाळ्यात लोक पडवीला बांधतात ते पारदर्शक मेणकापड समोरच्या दुकानातून दोन मीटर आणलंस, भिंतीवर धरलंस आणि पर्समधल्या मार्करने वरून रेघा ओढायला लागलीस. मी वरचं टोक धरून उभी. "मयू, डोळ्यांत चुना जातोय." "मग मीट ना डोळे. धरायला डोळे कशाला लागतात?" जेसीबीने भिंत पाडली तेव्हा ती गुंडाळी तुझ्या काखेत होती. तू एवढी खूश होतीस की रस्ताभर एकटीच बडबडत होतीस.

बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं, आपल्याला कधी लागलं नाही. आपल्याकडे घरात लग्न निघालं की पुढची भिंत चुन्याने रंगवायची आणि तिच्यावर नावं लिहायची. तुमच्याकडे 'शुभविवाह', आमच्या बौद्ध वस्तीत 'मंगल परिणय'. तुमच्याकडे कलश आणि नारळ, आमच्याकडे कमळ आणि पिंपळाचं पान. लग्न होऊन जातं, पोरं होतात, पोरं शाळेत जातात, तरी नावं भिंतीवर असतात, घरात पुढचं लग्न निघेपर्यंत. त्याच्याकडे कोणी चित्र म्हणून बघत नाही. तू बघितलंस. मुरबाडला कॉलेजात आपण एका बाकावर बसायचो तेव्हापासून तुला ती खोड होती, दुसऱ्याला दिसत नाही ते बघायची. कलाशिक्षकाचा डिप्लोमा केलास, नोकरी काही लागली नाही, मेंदीवर दिवस काढलेस. पण कधी चेहरा पाडून बसलेली तू मला दिसली नाहीस. हे चांगलं म्हणून सांगतेय. भांडतानाही खरं ते सांगायला पाहिजे.

मग आपण गावोगाव हिंडलो. मला वाशिंदच्या कंपनीत पॅकिंगला सहा दिवस ड्युटी, त्यामुळे रविवार. तू आणि रोशन इतर दिवशीही जायचात. आठवतं, त्या म्हसे गावाकडच्या घरी काय झालं? आपण आठवडाभर आधी सांगून ठेवलं, काकी, पुढच्या रविवारी तुमची भिंत उतरवून घ्यायला येतो. गेलो तर भिंत पांढरीशुभ्र! काकी दारात उभी, तोंडभर हसू. "तुमी मुंबईसारखं प्रदर्शन करणार, आमची भित ही अशी पोपडे आलेली. शरम वाटली गो. कालच डिस्टेंपर मारला." आतून पोहे आले. तू पोह्यांकडे बघत होतीस आणि मला हसू आवरत नव्हतं. पुढे आणखी दोन घरांत तेच झालं. पाहुणे येणार म्हटलं की आपली माणसं आधी पुसून काढतात. तेव्हा तू ठरवलंस की आगाऊ सांगायचं नाही. दारात जायचं, तिथल्या तिथे विचारायचं आणि हो म्हणाले की लगेच कापड लावायचं. मी म्हटलं, चालेल, पण विचारल्याशिवाय एक रेघ ओढायची नाही. वही मीच आणली, लांबट, निळ्या पुठ्ठ्याची. रकाने मी आखले. गाव, घर, भिंतीवरची नावं, कोणाला विचारलं, सही. तू म्हणालीस, काय गो तलाठ्यासारखी. पण पाळलंस. एक सोडून सगळ्या घरांना पाळलंस.

आणि ते आपलं दुसरं भांडण, जे कधीच मिटलं नाही. तू भिंतीवरचं सगळं उतरवायचीस. नावं, मोर, ते ठीक. पण खिळा, वायरची पट्टी, स्विचबोर्ड, ओलीने आलेला डाग, तडा. एकदा पाल बसली होती तर ती हलेपर्यंत तिच्याभोवती रेघ ओढलीस. मी म्हटलं, "मयू, प्रदर्शन म्हणजे निवडणं. सगळंच दाखवायचं तर लोकांना गावातच फिरवून आण." तू मान वर न करता म्हणालीस, "भिंतीवर हाय ते हाय. आपण कोण काढणारे?" मी दहा वेळा वाद घातला, तू दहा वेळा हेच म्हणालीस. मला तुझा राग यायचा आणि घरी गेल्यावर वाटायचं की बहुतेक तुझंच बरोबर असेल. हे तुला कधी सांगितलं नाही, आता सांगते.

तुमच्या गावच्या बंद पडलेल्या शाळेच्या दोन खोल्या मिळाल्या. रोशनने बांबू बांधले, सुतळ्या ताणल्या, आपण कपड्यांच्या चिमट्यांनी भिंती टांगल्या. खिडकीतून ऊन आलं की सगळ्यांची नावं फरशीवर पडायची. तेव्हा तुमच्या वाड्यातले एक काका आले, हात मागे बांधून फिरले आणि तुला बाजूला घेऊन म्हणाले, "खोल्या दोन हायत ना? मग त्यांचं त्या खोलीत लावा, आपलं ह्या खोलीत." मी सुतळीच्या पलीकडे होते, त्यांना दिसले नाही. ही आता काय बोलते ते ऐकायला मी तशीच उभी राहिले. तू म्हणालीस, "काका, लावून झालंय. आता काय काढत बसू? तुमच्या शेजारी कोणाचं कमळ आलं म्हणून तुमचा कलश कुठं सांडत नाय." काका हसले की रागावले ते कळलं नाही, पण गेले. तू परत येऊन चिमटे लावायला लागलीस, जसं काही झालंच नाही. माझ्याशी त्याबद्दल एक शब्द बोलली नाहीस, मीही नाही. मात्र त्या दिवशी मी मनात ठरवलं की ह्या पोरीवर डोळे मिटून विश्वास टाकायचा.

आणि पुढच्याच रविवारी तू माझा गळा कापलास.

माझं लग्न मोडलं ते तुला कोणी सांगायची गरज नव्हती, तू हळदीची तयारी करायला आमच्याकडे आली होतीस. चार दिवस राहिले असताना पलीकडच्यांनी निरोप पाठवला, नको म्हणून. कारणही धड दिलं नाही. पत्रिका वाटून झालेल्या, भिंत लिहून झालेली. बाबांनी स्वतः लिहिली होती, वस्तीत सगळ्यांच्या भिंती तेच लिहायचे. लाल ऑइलपेंटने माझं नाव आणि त्याचं नाव, मध्ये पिंपळाचं पान. निरोप आला त्याच संध्याकाळी बाबांनी चुन्याची बादली घेतली आणि स्वतःच्या हाताने लिहिलेलं स्वतःच पुसलं. चुना सुकला तरी लाल खालून दिसायचंच, ऑइलपेंटवर चुना धरत नाही. मग त्यांनी भिंतीला सरपण रचलं, डोक्याएवढं. मी पुढच्या दाराने येणंजाणंच सोडलं. वर्षभराने बाबा गेले. सरपण तिथेच राहिलं. चार वर्षं मी मागच्या दाराने ये-जा करतेय, हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक आई आणि एक तू.

उद्घाटनाच्या दिवशी मी आईला घेऊन आले. तिने पांढरी साडी नेसली होती, निळ्या काठाची, पौर्णिमेला विहारात जाताना नेसते ती. मी म्हटलं, "अगं, शाळेत जायचंय, एवढी काय नटतेस?" तिने पदराला पिन लावली. जीपमधून उतरल्यावर तिच्या चपलेचा अंगठा तुटला, म्हणून ती दारात थांबली आणि मी पुढे गेले. पहिली खोली बघितली, दुसरीत शिरले. खिडकीसमोर आमच्या वस्तीतल्याच चार बायका उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि एकमेकींकडे बघितलं. त्यांच्यामागे, उन्हात, बाबांच्या अक्षरात, लाल रंगात, प्रज्ञा. शेजारी त्याचं नाव.

मला पुढचं नीट आठवत नाही. कापड ओढलं एवढं आठवतंय. चिमटे ताडताड उडाले, एक कोणाच्या तरी कपाळावर लागला. कापड मधोमध टरकन फाटलं. तू धावत आलीस, माझा हात धरलास. "थांब गो. नीट बघ ना आधी." मी म्हटलं, "काय बघू? माझी अब्रू टांगलीस ती बघू? तिकीट लाव ना वर, तिकीट!" मी तुला नको नको ते बोलले, सगळ्या गावासमोर. मेंदीच्या ऑर्डरी मिळाव्या म्हणून हे सगळं चाललंय असंही बोलले. ते खोटं होतं, बोलतानाच मला ठाऊक होतं. तू माझ्या खांद्यावरून दाराकडे बघितलंस. दारात आई उभी होती, हातात तुटकी चप्पल घेऊन. तू तिच्याकडे बघितलंस आणि खाली बसून चिमटे गोळा करायला लागलीस.

आम्ही त्याच जीपने परत आलो. आईने वाटेत एकच वाक्य टाकलं, "जरा दमानं घ्यायचंस." मी म्हटलं, तू पण तिचीच बाजू घे.

त्यानंतर एकोणीस दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. तूही फोन केला नाहीस. मी वाट बघत होते, खोटं कशाला सांगू. येईल, मागच्या दाराने येईल, ओट्यावर बसेल, चहा मागेल आणि म्हणेल चुकलं. मी काय काय सुनवायचं ते पाठ करून ठेवलं होतं. मग रोशनचा मेसेज आला, मयुरीला कल्याणला नेलंय, ताप उतरत नाय. मी वाचला आणि फोन पिशवीत टाकला. वाटलं, ताप तर आहे. बरी होऊन ये, मग बघते तुला. चौथ्या दिवशी कंपनीत जेवणाच्या सुट्टीत कळलं. डबा उघडा होता, समोरच्या बाईने तो बंद करून माझ्या पिशवीत ठेवला एवढं आठवतं. अशी कशी गेलीस गो? माझी माफी मागायची राहिली होती तुझी.

दहाव्याला निघताना तुझ्या आईने मला आत बोलावलं. पलंगाखालून एक गुंडाळी काढली. "ही तुजी म्हनली होती. तुला द्यायची म्हनून बाजूला ठेवली होती तिनं." मी घेतली आणि घरी येऊन मोरीमागे उभी करून ठेवली. उघडायची नाही असं ठरवलं होतं. चूल पेटवायला कामी आली असती.

तीन दिवसांनी कामावरून आले तर पुढचं दार सताड उघडं. आई ओट्यावर बसलेली आणि तुझं कापड तिने पसरलेलं, चारी कोपऱ्यांवर दगड. मी ओरडणार होते. पण ती माझ्या नावाकडे बघतच नव्हती. तिचं बोट माझ्या नावाच्या खालून, हिरव्या रेघेवरून चाललं होतं. मला तोवर हिरवी रेघ दिसलीच नव्हती. त्या दिवशी लाल दिसलं आणि डोकं फिरलं, मी पुढचं बघितलंच नव्हतं.

"ही मी," आई म्हणाली.

हिरव्या अक्षरांत, अर्धं माझ्या लाल अक्षरांखाली गेलेलं, मंगल परिणय. वामन. सुमन. चुना पडत गेला तसं बाबांचं एका लग्नाचं लिहिणं दुसऱ्या लग्नाच्या लिहिण्यातून वर आलं होतं. तीस वर्षांपलीकडचं. हात तोच, 'प'चं पोट तसंच फुगीर. आई सांगायला लागली. तिच्या लग्नात फोटोवाला नव्हता, परवडत नव्हता. नवऱ्याने स्वतःची भिंत स्वतः लिहिली म्हणून वस्ती हसली होती. ती नवरी म्हणून आली तेव्हा पहिलं तिने आपलं नाव वाचलं, मग उंबरा ओलांडला. त्यानंतर ते नाव कोणी लिहिलं नाही, कोणी हाक मारली नाही. प्रज्ञाची आई, नाहीतर वामनची बायको. सरपण कमी झालं तेव्हा तिला ते परत दिसलं. तू एकदा मी ड्युटीवर असताना सहज आलीस, तेव्हा तिनेच तुला विचारलं, "माझी भित न्येशील का गो?" दोघींनी मिळून सरपण हलवलं, भिंत उतरवली, सरपण परत रचलं. मला आठवलं, मोळ्या वेगळ्या दिसल्या होत्या. मी म्हटलं होतं, उंदीर झाले वाटतं.

"मला का नाय सांगितलंत?" मी विचारलं.

"मीच म्हटलं तिला, सांगू नको. तू नाय म्हनली असतीस."

"म्हणजे तुम्ही दोघींनी मिळून माझं मोडलेलं लग्न गावाला दाखवलंत."

आईने वर बघितलं. ती कधी आवाज चढवत नाही. "मंग? माझं कुठं मोडलं होतं?"

मी तिच्या शेजारी बसले, मयुरी. ती पांढरी साडी नेसून स्वतःची भिंत बघायला आली होती. चप्पल तुटली म्हणून दोन मिनिटं मागे राहिली, तेवढ्यात मी ती फाडली. ती दारातून माघारी आली. जीपमध्ये माझ्या शेजारी बसून आली आणि महिनाभर माझ्याशी त्याबद्दल बोलली नाही. हे पाप माझ्या पदरात आहे, ते मी तुझ्यावर ढकलत नाही.

पण तुझं तू घे. तू तेव्हा बोलू शकत होतीस. 'ही तुझ्या आईची भिंत हाय', पाच शब्द. तू आईकडे बघितलंस आणि गिळून टाकलेस. तिला शब्द दिला होतास म्हणून. मग माझं काय? आईचा शब्द राखलास आणि मी डोळे मिटून टाकलेला विश्वास तसाच पायाखाली गेला. आणि हिरवं तेवढं उतरवता आलं असतं ना गो. मार्कर तुझ्या हातात होता. पण नाही, भिंतीवर हाय ते हाय! खिळा काढलास, तडा काढलास आणि मला काढलंस. मी काय भिंतीवरचा तडा होते का, मयुरी?

परवा शहापूरच्या तयारीसाठी रोशनने वही आणून दिली. मी शेवटचं पान उघडलं. आमचं गाव, आमचं घर, चार नावं. 'कोणाला विचारलं' ह्याच्यापुढे सुमनताई, आणि आईची सही, तिची ती मोठमोठ्या अक्षरांतली. त्याच्याखाली पेन्सिलीने, तुझ्या अक्षरात, 'प्रज्ञा, विचारायचं आहे.' आणि सहीची जागा कोरी.

मी उंबऱ्यावर बसले. म्हणजे तुला ठाऊक होतं. विसरलीस असं नाही, घाईत राहिलं असं नाही. मला विचारलं पाहिजे हे तुला पूर्ण ठाऊक होतं, तू ते लिहून ठेवलंस, आणि न विचारता टांगलंस. विचारलं तर मी नाही म्हणेन, पुसून टाकेन, त्या म्हसेच्या काकीसारखी. म्हणून आगाऊ सांगायचं नाही. दारात आल्यावरच दाखवायचं. अगं, ती रीत लोकांसाठी होती. मी लोकांतली कधी झाले?

मग मी रागाने सगळी वही मागे चाळली, तुझ्या आणखी चुका सापडतात का बघायला. सापडली ती माझी. प्रत्येक भिंतीवर एका पोरीचं नाव, आणि 'कोणाला विचारलं'मध्ये बाप, भाऊ, सासरा, दीर. निम्म्या नोंदी माझ्या अक्षरात. ज्या पोरींची नावं आपण टांगली, त्यातल्या आई सोडून एकीलाही आपण विचारलं नाही. त्यांतल्या किती जणींची मोडली असतील, किती जणींना ते नाव नको असेल, मला सुचलंसुद्धा नव्हतं. पूर्ण वहीत 'पोरीला विचारायचं' असं एकाच ठिकाणी लिहिलंय, ते तू, माझ्या नावापुढे. ह्यासाठी तुझे पाय धरू की तुला थोबाडीत मारू, ते मला अजून ठरवता येत नाही. सुचूनही विचारलं नाहीस, हे न सुचण्यापेक्षा जास्त लागतं.

काल दुपारी थिनर आणला. माझं नाव आणि त्याचं नाव पुसायचं आणि आईचं तेवढं ठेवायचं. तुझा मार्कर थिनरने जातो, आधी कोपऱ्यातल्या खिळ्यावर करून बघितलं, खिळा गेला. मग माझ्या 'प्र'ला हात लावला. जिथे लाल हिरव्यावरून गेलंय तिथे फडक्यावर दोन्ही रंग आले. आईच्या 'सु'चं टोक गेलं. मी फडकं टाकलं. आई बघत होती. म्हणाली, "ऱ्हाऊ दे." मी हिरव्या मार्करने टोक परत काढलं, तुझ्यासारखं जमलं नाही. तेव्हाच बघितलं, मी फाडलं होतं ते तू मागून चिकटपट्टी लावून सांधलेलं होतंस, रेघेला रेघ जुळवून. केव्हा बसलीस गो हे करत? अंगात ताप असताना का?

आज सकाळी मीच टांगली. पूर्ण. खिडकीसमोर. तुझ्यासाठी नाही, नीट ऐक, आईसाठी. ती तीच साडी नेसून आलीय, चप्पल नवीन. तासभर झाला, ती त्या कापडाजवळून हललेली नाही. येईल त्याला सांगतेय, "हे वामन, ही मी." एका बाईने लाल नावावर बोट ठेवून विचारलं, ही कोण. आई म्हणाली, "ही माझी पोरगी. ती काय, तिथं हुबी हाय." बाईने माझ्याकडे बघितलं. मी पळाले नाही. बाई हसली आणि पुढच्या भिंतीकडे गेली. एवढंच झालं. ह्या एवढ्याशासाठी मी चार वर्षं मागच्या दाराने फिरले आणि एकोणीस दिवस तुला टाकून बसले.

पण म्हणून मी तुला माफ केलं असं समजू नकोस. माफी मागायला माणूस समोर लागतं.

मघाशी रोशन वही घेऊन पायरीवर आला. सगळ्या सह्या तपासल्या त्याने. म्हणाला, "एकच राहिलीय, तुझी. करून टाक, वही पुरी होईल." मी पेन घेतलं, टोपण काढलं, तुझ्या त्या पेन्सिलीच्या ओळीकडे बघितलं आणि पेन त्याला परत दिलं.

म्हटलं, जिने विचारायचं होतं तिने अजून विचारलेलं नाही.